खेळण्यातल्या विटांचे गाव



गळीत हंगाम आटोपला. टोळ्या आपापल्या गावी पोहोचल्या. खोडव्याचे पाचट, खतांच्या मात्रा आणि बेणे यांविषयी जे सांगायचे ते मागच्या अंकांतून सांगून झाले. म्हणून या अंकात बांधापलीकडचे काही लिहितो. मे महिन्याच्या अखेरीस आई, सौ., मुलगी आणि मुलगा अशी आम्ही पाच माणसे डेन्मार्क देशात जाऊन आलो. तेथे बिलुंड नावाच्या गावी लेगोलँड म्हणून एक मोठी बाग आहे. प्लॅस्टिकच्या छोट्या विटा एकमेकींत बसवून करायच्या खेळण्यांची ही बाग. तिच्या हॉटेलात आम्ही एक रात्र राहिलो.

आधीच एक खुलासा करतो, म्हणजे पुढे वार्षिक सभेत कुणी प्रश्न विचारायला नको. हा दौरा कारखान्याच्या खर्चाने झालेला नाही! माझे मेहुणे तिकडे ऑर्हूस शहरात पवनचक्क्यांच्या कामावर इंजिनिअर आहेत. बहिणीला आणि भाच्यांना एकदा बोलवायचेच, असा त्यांचा हट्ट होता. रजा माझी, तिकिटे निम्मी त्यांची आणि हॉटेल पूर्ण त्यांचे.

परत आल्यावर गट कार्यालयात मंडळी विचारतात, "साहेब, काय बघितलं तिकडं? बिटाची शेती बघितली का?" खेळण्यांचे गाव पाहिले म्हटले की हसतात. हसण्यासारखेच आहे. पण त्या गावाची हकीकत नीट ऐकली तर ती शेवटी आपल्या कारखान्याच्या दारात येऊन उभी राहते.

वाळूची जमीन

विमान बिलुंडलाच उतरते. गावाची लोकसंख्या सात हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे बाजाराचे गाव. तरी तेथे देशातला दुसऱ्या क्रमांकाचा विमानतळ आहे. तो कसा झाला ते पुढे येईलच.

विमानतळावरून ऑर्हूस सुमारे शंभर किलोमीटर. आम्ही ऊसवाले, नजर पहिल्यांदा जमिनीवरच जाते. हा जटलंडचा भाग. माती वाळूसारखी, फिकट रंगाची. दीडशे वर्षांपूर्वी येथे मैलोन्‌मैल झुडपी माळ होता. वर आम्ल माती, खाली लोखंडाच्या अंशाने बनलेला कठीण थर, मुळी खाली जायची नाही आणि वारा वरची माती उडवून न्यायचा. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने दक्षिणेकडचा चांगला मुलूख गमावला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, एन्रिको डाल्गास या लष्करी अभियंत्याच्या पुढाकाराने माळ सुधारण्यासाठी एक संस्था निघाली. तिने कठीण थर फोडायला शिकवले, चुनखडीयुक्त माती शेतात पसरायला लावली आणि शेताच्या बांधांवर सूचिपर्णी झाडांच्या रांगा उभ्या करून वारा अडवला. त्या रांगा आजही रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना दिसतात.

त्यांची जमीन आम्ल, तिला चुना लागला. आपली नदीकाठची जमीन पाण्याच्या अतिरेकाने चोपण झाली, तिला जिप्सम आणि चर लागतात. रोग उलटा, पण औषध देण्याची चिकाटी तीच. मी गाडी थांबवून मूठभर माती हातात घेतली. आई म्हणाली, "हितं येऊनबी तुझं तेच का?"

सुताराचे दिवस फिरले

अशा या गरीब मुलखात ओले कर्क क्रिस्टियनसन नावाच्या सुताराने १९१६ साली बिलुंडमधले एक लाकूडकामाचे दुकान विकत घेतले. शेतकऱ्यांची घरे, गोठे, दारे-खिडक्या करणे हा त्याचा धंदा. १९२४ मध्ये लहान मुलांच्या हातून भुशाला आग लागून घर आणि दुकान दोन्ही जळाले. त्याने पुन्हा बांधले. ते घर गावाच्या मुख्य रस्त्यावर अजून उभे आहे आणि दारात दोन दगडी सिंह बसलेले आहेत.

पुढे जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही म्हटल्यावर सुताराला काम कोण देणार? सभासदांना हे वेगळे सांगायला नको. उसाचे बिल लांबले की गावातला शिंपी, गवंडी, किराणावाला सगळेच लांबतात. १९३२ साली ओलेजवळ मोठे काम उरले नाही, म्हणून तो शिड्या, इस्त्रीचे फळे असल्या छोट्या घरगुती वस्तू करू लागला. उरलेल्या लाकडातून खेळणीही करी. त्याच वर्षी त्याची बायको वारली. पदरात चार मुलगे. माणूस मोडून पडायला एवढे पुरेसे होते. पण खेळण्यांचे काम त्याने सोडले नाही. १९३४ मध्ये त्याने धंद्याला 'लेगो' हे नाव दिले. त्यांच्या भाषेतल्या 'छान खेळा' या अर्थाच्या दोन शब्दांची ती जोड आहे.

बिलुंडमध्ये एका बदकाची गोष्ट सांगतात. लाकडी बदके रंगवून त्यांवर वॉर्निशचे तीन हात द्यायचे, असा ओलेचा नियम. मुलगा गॉटफ्रेड याने एकदा दोनच हात देऊन माल रेल्वे स्टेशनवर पोहोचवला आणि बापाला मोठ्या आनंदाने सांगितले, की आज आपण एवढे वॉर्निश वाचवले. बापाने त्याला तसेच माघारी पाठवले. सगळी बदके परत आणून, एकेकाला तिसरा हात देऊन, रातोरात पुन्हा स्टेशनवर नेऊन टाकायला लावली. गॉटफ्रेड पुढे आयुष्यभर ही गोष्ट सांगत असे.

बेणेप्रक्रियेच्या वेळी "एवढं औषधात बुडवायला कशाला पाहिजे साहेब, उगवतंयच की" असे म्हणणारे आपले काही मित्र आहेत. त्यांना मी हे बदक भेट देतो.

एक वीट दुसरीला धरते

दुसऱ्या महायुद्धानंतर ओलेने प्लॅस्टिकचे साचेकाम करणारे यंत्र घेतले. गावात लोकांनी वेड्यात काढले असणार, कारण यंत्राची किंमत दुकानाच्या आवाक्याबाहेरची होती. इंग्लंडमधल्या हिलरी पेज यांच्या विटांचा नमुना पाहून १९४९ पासून लेगोने आपल्या विटा काढल्या. पण त्या आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसत, पण घट्ट धरत नसत. जरा धक्का लागला की घर कोसळले. यावर गॉटफ्रेडने विटेच्या आत पोकळ नळ्या बसवण्याची युक्ती काढली. वरच्या विटेतली नळी खालच्या विटेच्या गुंड्यांना बाजूने दाबून धरते. २८ जानेवारी १९५८ रोजी त्याने पेटंटचा अर्ज दिला. त्याच वर्षी मार्च महिन्यात ओले वारला.

त्या वर्षीची वीट आणि आज साच्यातून पडलेली वीट एकमेकींत बसतात. अडुसष्ट वर्षांच्या आसपासचा काळ लोटला, मालाचे प्लॅस्टिक बदलले, पण माप बदलले नाही. साच्याची अचूकता मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. आजोबांच्या पेटीतली वीट नातवाच्या घराला लागते, ही सगळी त्या मापाची करामत.

आणखी एक हिशेब मला फार आवडला. वर आठ गुंड्या असलेल्या एकाच रंगाच्या दोन विटा चोवीस प्रकारांनी जोडता येतात. तीन घेतल्या तर १,०६० प्रकार. सहा घेतल्या तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकार! हा आकडा डेन्मार्कच्या गणितज्ञांनी संगणकावर काढलेला आहे. एका विटेत काही नाही. जे आहे ते जोडण्यात आहे.

१९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली. त्यानंतर लाकूडकाम बंद करून फक्त विटांचाच धंदा करायचा, असे गॉटफ्रेडने ठरवले. दोन भावांना ते पटले नाही. ते बाहेर पडले, त्यांनी आपापले धंदे काढले. भावकी सगळीकडे असते. पण वाटणीत कारखान्याचे तुकडे झाले नाहीत, हे लक्षात घेण्याजोगे.

माल परदेशी जाऊ लागला, तेव्हा लोकांनी सुचवले असेल, की आता शहरात चला. पण कारखाना गावातच राहिला. उलट कंपनीने गावाजवळ विमानाची धावपट्टी तयार केली आणि १९६४ मध्ये तेथे सार्वजनिक विमानतळ सुरू झाला. वाळूच्या माळावर विमान उतरते ते असे.

बाग

कारखान्यात विटांपासून केलेले मोठमोठे नमुने असत. ते पाहायला साठाच्या दशकात दरवर्षी हजारो माणसे येऊ लागली. कामाचा खोळंबा व्हायचा. गॉटफ्रेड म्हणाला, यापेक्षा हे नमुने बाहेर उघड्यावर मांडू. दुकानांच्या काचा सजवणारा आर्नोल्ड बोट्रुप नावाचा कलावंत आणि नमुने करणाऱ्या डाग्नी होल्म या बाई यांना हाताशी धरून त्याने बाग उठवली. ७ जून १९६८ रोजी ती उघडली. पहिल्याच वर्षी सहा लाखांवर माणसे आली. आज अशा बागा मलेशिया, जपान, दुबई, अमेरिका अशा अनेक ठिकाणी झाल्या आहेत, पण मूळ पीठ हेच.

बागेचा गाभा म्हणजे 'मिनीलँड'. शहरे, बंदरे, रेल्वे, विमानतळ, सगळे साधारण विसाव्या हिश्शाने लहान करून विटांतून उभे केले आहे. सुमारे दोन कोटी विटा त्यात आहेत. कोपनहेगनच्या न्युहाऊन बंदराची रंगीत घरे, नॉर्वेतल्या बर्गनचा धक्का, बिलुंडचा स्वतःचा विमानतळ. पाण्यातून बोटी चालतात, रुळांवरून गाड्या धावतात. झाडेसुद्धा खुजी ठेवून, छाटून, घरांच्या मापात बसवलेली. मी तर त्या छाटणीकडेच बघत राहिलो.

आईचे वय बहात्तर. उभा जन्म उसाच्या सरीत गेला. ती कठड्याला धरून त्या गावाकडे एवढा वेळ बघत बसली, की पोरे कंटाळली. मग म्हणाली, "ह्यात शेतावर निघालेली माणसंबी हाईत बघ. गाय हाय, गवत हाय. नुसतं राजाचं घर केलं न्हाई." खरेच होते. राजवाड्याएवढ्याच निगुतीने शेतकऱ्याचे खळे केलेले होते.

पोरांचा जीव मात्र पाळण्यांवर. किल्ल्यातून निघून बाहेर झेपावणारी ड्रॅगनची गाडी आहे. आपल्या जत्रेतल्या पाळण्यात कधी न बसलेली सौ. त्यात बसली आणि पुन्हा एकदा बसायचे म्हणाली. मी खाली पिशव्या सांभाळत उभा.

मला सगळ्यांत पटले ते मुलांचे वाहतूक विद्यालय. बाग उघडली तेव्हापासून ते आहे. छोट्या गाड्या, छोटे रस्ते, खरे सिग्नल. आधी पोरांना नियम समजावून देतात, मग गाडी चालवायला देतात, शेवटी फोटोसकट लायसन मिळते. आमचे आठ वर्षांचे चिरंजीव लाल दिव्याला थांबले, उजवीकडून येणाऱ्याला वाट दिली, आणि लायसन गळ्यात घालून बाहेर आले. संध्याकाळी त्यांनी मला विचारले, "बाबा, आपल्या कारखान्याच्या ट्रॅक्टरवाल्यांना मागं लाल दिवा लावायला कोण शिकवतं?"

बंधूंनो, या प्रश्नाचे उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यायचे आहे. अंधारात रस्त्याकडेला उभी असलेली, रिफ्लेक्टर नसलेली भरलेली ट्रॉली म्हणजे काय, ते आपल्या भागातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. येत्या हंगामात वाहनांचे करार करताना हा मुद्दा सर्वांत आधी घ्यावा, असे मी शेतकी विभागाच्या बैठकीत मांडणार आहे.

हॉटेल

हॉटेल बागेला लागूनच आहे. ते १९९१ मध्ये सुरू झाले. हॉटेलातून एका पुलावरून थेट बागेत उतरता येते. एका खोलीचे एका रात्रीचे भाडे मेहुण्यांनी सांगितले नाही, पण ते मी काउंटरवरच्या फलकावरून काढले आणि मनातल्या मनात टनाच्या भावाने भागले. दहा-बारा टन ऊस! आईला हे सांगितले असते तर ती बाहेरच्या बाकावर झोपली असती. म्हणून सांगितले नाही.

खोलीत मोठ्यांचा पलंग वेगळा आणि पोरांसाठी वर-खाली असे दुमजली पलंग. कोपऱ्यात विटांची पेटी. खाली बैठकीच्या जागेतही विटा, जेवणघराशेजारीही विटा. सकाळच्या चहाबरोबर साखरेच्या पुड्या आल्या. मी एक फोडून हातावर घेतली. बिटाची साखर. त्यांच्या दक्षिणेकडच्या लोलंड आणि फाल्स्टर बेटांवर बीट पिकते. दाणा बारीक, रंग स्वच्छ. चवीत फरक सांगता येत नाही, तरी आईने आपल्या पिशवीतली साखर काढून चहात घातली. "आपली ती आपली," म्हणाली. भडंग आणि शेंगदाण्याची चटणीही त्याच पिशवीत होती, आणि खरे सांगायचे तर दोन दिवस तिच्यावरच निघाले.

त्या मुलखात मे अखेरीस रात्री पावणेदहापर्यंत सूर्य असतो. जेवणानंतर पोरे खाली विटांच्या ढिगाशी जाऊन बसली. तेथे आणखी पाच-सहा पोरे होती. एक जर्मन, एक बहुधा पोलंडचा, दोघी बहिणी कुठल्या ते कळले नाही. कुणाची भाषा कुणाला येत नव्हती. आमच्या मुलीने भिंत घालायला घेतली. त्या दोघींनी दुसऱ्या बाजूने घेतली. पोलंडच्या पोराने मध्ये दार ठेवले. काही न बोलता तासाभरात एक लांबलचक शेड उभी राहिली. मी विचारले, हे काय केले? मुलगी म्हणाली, "आपला कारखाना. पण आतमध्ये काय असतं ते मला माहीत नाही, म्हणून नुसत्या भिंती केल्या. हे धुराडं."

धुराडे मात्र बरोबर होते, चांगले उंच.

मला तेथे झोप लागेना. मुलीचा जन्म कारखान्याच्या वसाहतीतला. भोंग्यावर तिची शाळा चालते. बारा वर्षांत तिने कारखान्याचे धुराडे पाहिले, गव्हाणीपर्यंत उसाच्या गाड्या पाहिल्या. आत काय चालते हे तिला कुणी कधी दाखवले नाही. तिची ही गत, तर वाड्या-वस्त्यांवरच्या सभासदांच्या मुलांची काय असेल?

मालक कोण?

दुसऱ्या दिवशी बिलुंड गावात 'लेगो हाउस' पाहिले. हे २०१७ साली गावाच्या मध्यभागी उघडले. तेथे सगळा इतिहास मांडलेला आहे, आणि त्यात पडत्या काळाचीही नोंद आहे. २००३-०४ च्या सुमारास कंपनी मोठ्या तोट्यात गेली होती. नाना जोडधंदे काढले, विटांचे प्रकार वाढवत नेले, हिशेब हाताबाहेर गेला. २००४ मध्ये घराण्याबाहेरच्या एका तरुण माणसाकडे, यॉर्गेन विग क्नुडस्टॉर्प यांच्याकडे, कारभार दिला. त्यांनी विटांचे अनावश्यक प्रकार छाटले आणि २००५ मध्ये बागांचा मोठा हिस्सा विकून टाकला. बाग गेली, पण वीट राखली. धंदा सावरला. पुढे २०१९ मध्ये घराण्याने इतर गुंतवणूकदारांबरोबर बागा चालवणारी कंपनी पुन्हा विकत घेतली. २०२० मध्ये संचालक मंडळाचे अध्यक्षपद चौथ्या पिढीकडे आले.

हा एका कुटुंबाचा कारखाना. बापाने मुलाला वॉर्निशचा तिसरा हात शिकवला, मुलाने नातवाला. आपला कारखाना एका घराचा नाही, हजारो घरांचा आहे. आणि याबाबतीतही डेन्मार्ककडे पाहण्यासारखे आहे. बिलुंडच्या पश्चिमेला, तासाभराच्या आत, येडिंग नावाचे खेडे आहे. तेथे १८८२ साली शेतकऱ्यांनी त्या देशातली पहिली सहकारी दूध डेअरी काढली. गायी कितीही असोत, सभासदाला मत एकच, हा तेथील सहकाराचा दंडक पडला. आपल्याकडे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात तेथे गळीत सुरू झाले. गुंठेवाल्याचे मत आणि बागायतदाराचे मत सारखे, हेच तत्त्व आपणही मानले.

पण एका घराण्याच्या कारखान्यात वारस कोण, हे सगळ्यांना माहीत असते. हजारो घरांच्या कारखान्यात ते घराघरातून सांगावे लागते. आपण सांगतो का?

गेल्या हंगामात एका गावी तिसऱ्या पिढीतला एक तरुण सभासद-पुत्र मला भेटला. ऊस घालतो नियमित, अगदी चांगला घालतो. पण शेअर अजून आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन पंधरा वर्षे झाली. वडीलही गेले. ट्रंकेच्या तळाशी घडी पडून पिवळा झालेला शेअर दाखला त्याने मला दाखवला आणि विचारले, "साहेब, ह्याचं काय करायचं असतं?" त्याचा प्रश्न अगदी प्रामाणिक होता. त्याला कुणी सांगितलेच नव्हते. त्याच्या घरचा ऊस कारखान्याला जातो, पण कारखान्याच्या सभेत त्याला मत नाही, कारण मतदाराच्या जागी एका मयत माणसाचे नाव आहे.

असे दाखले एकाच गावात नाहीत. हे असेच चालले तर दहा-वीस वर्षांनी ऊस असेल, गाळपही असेल, पण कारखाना आपला म्हणणारा माणूस सभेत नसेल. वाट्याला आलेली वस्तू काय आहे हेच ज्याला माहीत नाही, तो ती राखणार कशी? आज आमची मुलगी भिंती उभ्या करून थांबली, उद्याचा सभासदही धुराड्यापाशीच थांबेल.

तीन सूचना

बिलुंडसारखी बाग आपण काढावी असे मी मुळीच म्हणत नाही. तेवढा पैसा नाही आणि तो आपला धंदाही नाही. पण कमी खर्चाच्या तीन गोष्टी करता येतील. त्या मी संचालक मंडळापुढे लेखी ठेवत आहे. निर्णय त्यांचा.

पहिली. येत्या हंगामात दर आठवड्याला एका गटातल्या सभासदांच्या मुलामुलींना कारखाना आतून दाखवावा. वजनकाटा, गव्हाण, मिल, रस गाळणे, पाक आटवणे, दाणा पाडणे, पोती भरणे, सारे क्रमाने. रसायनशाळेत रसाचा उतारा कसा काढतात तेही. आपल्या शेतातला ऊस काट्यावर कसा मोजला जातो, हे पोराने डोळ्यांनी पाहिले की बाप आणि कारखाना यांच्यातला निम्मा गैरसमज तेथेच मिटतो. तोडणी टोळ्यांची मुलेही त्या रांगेत असावीत. ऊस त्यांच्या आई-बापांनीच तोडलेला असतो.

दुसरी. आपल्या कार्यक्षेत्राचा एक मोठा नमुना गट कार्यालयाच्या आवारात करावा. नदी, कालवे, गावे, रस्ते, चोपण झालेले पट्टे आणि मध्ये कारखाना. सिमेंट, माती, लाकूड जे मिळेल त्याचा. तो आपल्या माध्यमिक शाळांच्या पोरांनीच करावा. मापे आमचा विभाग देईल. आईने म्हटले तसे, त्यात शेतावर निघालेली माणसेसुद्धा असावीत.

तिसरी आणि सर्वांत निकडीची. ज्यांच्या घरचा शेअर मयत व्यक्तीच्या नावावर आहे, त्यांनी पुढच्या हंगामाची वाट न पाहता वारस नोंद करून घ्यावी. मूळ शेअर दाखला, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रे घेऊन शेअर विभागात यावे. दाखला गहाळ असला तरी यावे, वाट काढता येते. भावाभावांत एकमत नसेल तर आधी घरात बसून ते करावे, कारण ते काम शेअर विभागाला करता येत नाही. लेकींची नावे विसरू नयेत. त्याही वारस आहेत.

लागणीच्या दिवसांत गटात फिरताना मी प्रत्येक वस्तीवर बेण्याबरोबर हाही विषय काढणार आहे. चहा विचारण्याआधी शेअर दाखला काढून ठेवावा, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी